सहवाचनाला वेळापत्रकात जागा द्या

एखादं मूल उतारा शेवटपर्यंत मोठ्याने वाचून काढतं. अक्षर चुकत नाही, जोडाक्षरंही निभावून नेतं. मग त्याला विचारावं, 'यात काय झालं रे?' तर ते पुस्तकाकडे बघतं, आपल्याकडे बघतं आणि गप्प राहतं. त्याच वर्गात दुसरं एक मूल असतं. गोष्ट ऐकली की तिच्यातला बारीकसारीक तपशील ते सांगतं, पुढे काय होईल याचे अंदाज बांधतं. पण छापलेल्या ओळीपुढे बसवलं की तिसऱ्या शब्दाला थांबतं. दोघांनाही आपण 'वाचनात कच्चं' म्हणतो आणि दोघांवरही एकच उपाय करतो: आणखी सराव, आणखी उतारे, घरून दहा ओळी लिहून आणणं. या दोन्ही मुलांना ज्या एका गोष्टीची गरज असते, ती शाळेच्या वेळापत्रकात बहुधा नसतेच. चांगलं वाचता येणाऱ्या माणसाबरोबर, एकच मजकूर डोळ्यांपुढे ठेवून, रोज थोडा वेळ वाचणं. यालाच सहवाचन म्हणतात. प्राथमिक शाळेत त्याला रोजचा, ठरलेला वेळ मिळाला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. वेळ उरला तर करायचा, किंवा वाचनाचा एखादा दिवस साजरा करताना आठवायचा, असा हा उपक्रम नव्हे.

या पद्धतीला वर्गात चालेल असं रूप दिलं ते न्यूझीलंडमध्ये डॉन होल्डवे यांनी. त्यांचं निरीक्षण साधं होतं. काही मुलं शाळेत येतात ती पुस्तकाची ओळख घेऊनच. घरी कुणाला तरी बिलगून त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकलेली असते आणि ऐकता ऐकता पानही पाहिलेलं असतं. वर्गातल्या तीस-चाळीस मुलांना असं जवळ घेता येत नाही. मग पुस्तकच मोठं केलं तर? मागच्या रांगेतल्या मुलालाही ओळ दिसेल एवढ्या ठळक अक्षरांत गोष्ट लिहायची, शब्दांखालून पट्टी सरकवत शिक्षकाने ती वाचायची आणि जिथे जमेल तिथे मुलांनी आवाजात आवाज मिसळायचा. पहिल्या दिवशी मुलं फक्त ऐकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुन्हा येणारं पालुपद म्हणू लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी शिक्षक मध्येच थांबले तर पुढचा शब्द वर्गच वाचतो. १९७९ साली होल्डवे यांनी या कामामागची मांडणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

गोष्ट सांगणं ही वेगळी गोष्ट आहे. बाईंनी पुस्तक स्वतःकडे धरून आदर्श वाचन करणं हीसुद्धा वेगळी गोष्ट. दोन्ही हवंच. पण त्या दोन्हींत छापील ओळ मोठ्या माणसाच्या ताब्यात राहते. सहवाचनात ती मुलांच्याही डोळ्यांपुढे असते, आणि सगळा फरक पडतो तो तिथेच.

१९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी वाचनाचं एक छोटंसं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. यातला गुणाकार महत्त्वाचा आहे. बेरीज असती तर एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने भरून निघाली असती. गुणाकारात एक बाजू शून्याला आली की उत्तर शून्यच. सुरुवातीला सांगितलेली दोन मुलं या सूत्राच्या दोन टोकांना उभी आहेत. पहिल्याला शब्द ओळखता येतात, पण पुस्तकी वाक्याची घडण, त्यातले शब्द आणि त्यामागचं जग त्याच्या ओळखीचं नाही. दुसऱ्याकडे भाषा आहे, पण तिच्यापर्यंत पोचण्याची अक्षरांची वाट त्याला अजून सापडलेली नाही. शाळेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आपण जवळजवळ सगळा जोर एकाच घटकावर लावतो, मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं. आणि दुसरा घटक आपोआप वाढेल असं धरून चालतो. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत त्याच्या बाबतीत तो थोडाफार वाढतोही. बाकीच्यांच्या बाबतीत वाढत नाही, आणि हे लक्षात येतं चौथी-पाचवीत, जेव्हा परिसर अभ्यासाचा धडा समोर येतो आणि त्यातला प्रत्येक तिसरा शब्द परका असतो.

सहवाचनाने दोन्ही घटकांना हात घालता येतो, पण एका अटीवर. मुलांचे डोळे अक्षरांकडे वळले पाहिजेत. ही अट सहसा पाळली जात नाही. कॅनडात मेरी ॲन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चारएक वर्षांच्या मुलांना आई गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवत असताना त्यांची नजर नेमकी कुठे असते, हे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या उपकरणाने पाहिलं. मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रांकडे पाहत होती. मजकुराची मांडणी बदलली तरी त्यांच्या नजरेत फारसा फरक पडला नाही. 'आम्ही रोज रात्री वाचून दाखवतो, तरी त्याला अक्षरं का येत नाहीत?' असं कोड्यात पडलेल्या आईवडिलांना याचं उत्तर इथे मिळतं. कॅनडातच मोनिक सेनेशाल आणि जो-ॲन लफेव्र यांनी मुलांचा पाच वर्षं मागोवा घेतला आणि २००२ साली दाखवून दिलं, की घरी पुस्तकं वाचून दाखवण्याचा संबंध मुलांच्या शब्दसंपत्तीशी आणि ऐकून समजण्याशी दिसतो, तर अक्षरओळखीचा संबंध पालकांनी मुद्दाम अक्षरं शिकवण्याशी दिसतो. एक केलं म्हणजे दुसरं आपसूक होतं, असं नाही.

मग अक्षरांकडे लक्ष न्यायचं कसं? त्यासाठी काही अवघड करावं लागत नाही. अमेरिकेत लॉरा जस्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या शिक्षकांना एवढंच शिकवलं, की गोष्ट वाचताना अधूनमधून मजकुराबद्दल बोला. शब्दाखाली बोट फिरवा. 'मी वाचायला कुठून सुरुवात करू?' असं विचारा. 'हा शब्द एवढा मोठा का लिहिलाय?', 'तुझ्या नावातलं अक्षर या पानावर कुठे दिसतंय?' गोष्टीचा ओघ तुटणार नाही इतपतच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, ज्या मुलांच्या बाईंनी बालवाडीच्या वर्षभर असं केलं, ती मुलं एक वर्षानंतर आणि दोन वर्षांनंतरही वाचनात, शब्द लिहिण्यात आणि आकलनात पुढे होती. पुस्तकं तीच, वेळ तेवढाच. बदललं ते बाईंचं बोट आणि दोन-चार प्रश्न. शिक्षणात इतक्या थोड्या खर्चात इतकं पदरात पडल्याची उदाहरणं फार नाहीत.

मराठी वाचणाऱ्या मुलाला तर या बोटाची जास्तच गरज आहे. आपली लिपी उच्चारानुसार चालते, म्हणून ती शिकायला सोपी, असं आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते बरंचसं खरंही आहे. पण मुलाच्या जागी बसून पाहावं. 'किती' या शब्दात वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि ऐकू येते नंतर. 'सूर्य' मधला रफार बसतो य च्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र य च्या आधी. 'चार' आणि 'चारा' यांची सुरुवात एकाच अक्षराने होते, पण तोंडातून निघणारे आवाज दोन. 'माझा' आणि 'माझी' मधला झ सारखा नाही. हे कुठल्याही तक्त्यावर लिहिलेलं नसतं. आणि सगळ्यात मोठी अडचण आहे अकाराची. मुलाने बाराखडीत प्रत्येक व्यंजन 'अ' सकट घोकलेलं असतं. त्यामुळे ते 'सरकत' वाचताना चार सुटी, भरीव अक्षरं उच्चारतं आणि त्यातून जो आवाज तयार होतो तो त्याने आयुष्यात कधी ऐकलेला नसतो. शब्द त्याच्या चांगल्या ओळखीचा आहे, रोज वापरातला आहे, पण तो हाच आहे हे त्याला कळत नाही. कुठला अकार पूर्ण म्हणायचा, कुठला गाळायचा, कुठे दोन अक्षरं एका झटक्यात जोडायची, हे नियम आपल्यापैकी कितीजणांना सांगता येतील? आपण ते ऐकून शिकलो. पण नुसतं ऐकून भागत नाही. ज्या क्षणी कानावर 'सरकत' पडतं त्याच क्षणी डोळ्यांपुढे ती चार अक्षरं असावी लागतात. सहवाचनात नेमकं हेच घडतं, एका पानावर पन्नास वेळा आणि कुणीही चूक न काढता.

तीच गोष्ट वाक्याची. स्वल्पविरामाला किती थांबायचं, प्रश्नार्थक वाक्यात आवाज कुठे चढवायचा, लांबलचक वाक्यातलं क्रियापद येईपर्यंत सुरुवातीचे शब्द मनात धरून कसे ठेवायचे, हे कुणीतरी करून दाखवावं लागतं. मराठीत तर 'नाही' हा शब्द बहुतेकदा वाक्याच्या अगदी शेवटी येतो. तिथपर्यंत न पोचलेल्या मुलाला वाक्याचा अर्थ उलटाच लागतो. एकेका शब्दाशी झुंजणारं मूल इतका लांबचा पल्ला एकट्याने गाठू शकत नाही. सोबत वाचणारा आवाज त्याला तिथवर घेऊन जातो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मुलं वाचत नाहीत, पाठ म्हणतात. बाईंबरोबर चार दिवस तीच गोष्ट म्हटली की पाचव्या दिवशी पुस्तक उलटं धरूनही मूल ती 'वाचून' दाखवेल. हे घडतं. पण पाठ होणं हा वाचनाचा शेवट मानला तरच ते चुकीचं. ज्या मुलाला ओळ पाठ आहे त्याला ती ओळ अक्षरांशी ताडून पाहण्याची एक संधी मिळालेली असते. 'मग ससा झुडपात शिरला' हे त्याच्या ओठांवर आहे. आता त्याला विचारा, यातला 'झुडपात' कुठला? मूल मनातल्या मनात ओळ म्हणत, एकेक शब्दावर बोट ठेवत तिथे पोचतं. शब्द झाकून विचारा, शब्दांच्या चिठ्ठ्या करून त्यांचा क्रम लावायला सांगा, 'शिरला' च्या जागी 'फिरला' लिहा आणि काय बदललं ते शोधायला लावा. पाठांतर इथे कामाला येतं. जो शिक्षक या पायरीवर थांबतो आणि वर्गाने सुरात गोष्ट म्हटली म्हणून समाधान मानतो, त्याच्या वर्गात मात्र हा आक्षेप शंभर टक्के लागू आहे.

म्हणूनच, सहवाचन सुरू केलं म्हणजे अक्षरं शिकवण्याची गरज नाही, असं कुणी म्हणत असेल तर मी त्यांच्या बाजूने नाही. पुस्तकांच्या सहवासात मुलं आपोआप वाचायला शिकतात, चित्र आणि संदर्भ पाहून शब्दाचा अंदाज केला की पुरे, या विचाराने इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या कितीतरी मुलांचं नुकसान केलं आहे. अंदाज करणारं मूल 'घोडा' च्या जागी 'गाढव' वाचून पुढे जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मुळाक्षरांचा, बाराखडीचा तास हवाच, पद्धतशीर हवा, रोज हवा. सहवाचन त्याच्या बाजूला उभं राहतं. त्याची जागा घेत नाही.

आता भाषेकडे येऊ, कारण माझ्या मते सहवाचनाची खरी श्रीमंती तिथे आहे. आपण मुलांशी दिवसभर बोलतो, पण काय बोलतो? उठ, आवर, जेव, ये, ठेव, हात धू. या बोलण्यात माया असते, पण शब्द थोडे आणि तेच ते. २०१५ साली जेसिका मोंटॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या १०० चित्रपुस्तकांमधल्या मजकुराची तुलना मोठ्यांच्या मुलांशी होणाऱ्या बोलण्याशी केली. मजकुराच्या तेवढ्याच लांबीत पुस्तकांमध्ये वेगवेगळे शब्द जास्त सापडले. अगदी लहान मुलांसाठीची, दोन-दोन ओळींची पुस्तकंसुद्धा मुलाला अशा भाषेत नेतात जी घरात कुणी बोलत नाही. 'इतक्यात', 'तरीसुद्धा', 'जणू काही', 'निमूटपणे', 'आश्चर्याने'. ज्याची घरची बोली पुस्तकाच्या भाषेपासून दूर आहे त्याच्यासाठी तर हे पहिलं दार आहे. तो घरी जे बोलतो ते चूक, असं त्याला सांगायची गरज नाही. पुस्तक कसं बोलतं ते त्याच्या कानांना सवयीचं करायचं, एवढंच.

पण नुसते शब्द कानांवर पडून किती उरतात? वॉरविक एली यांनी न्यूझीलंडमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांवर केलेला आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला फार बोलका वाटतो. काही दिवसांत एकच गोष्ट तीनदा वाचून दाखवली आणि त्यातल्या अनोळखी शब्दांची आधी-नंतर चाचणी घेतली. कुठलाही शब्द समजावून न सांगता नुसती गोष्ट वाचली तेव्हा मुलांची प्रगती साधारण १५ टक्के होती. वाचता वाचता शब्दाचा अर्थ थोडक्यात सांगितला, चित्राकडे बोट दाखवलं, तेव्हा ती ४० टक्क्यांपर्यंत गेली. आणि हा फायदा भाषेत कच्च्या असलेल्या मुलांनाही मिळाला. समजावणं म्हणजे शब्दार्थ वहीत उतरवून घेणं नव्हे. वाचता वाचता 'निमूटपणे, म्हणजे काही न बोलता' असं म्हणून पुढे जाणं, बस्स. ओघ सुटला की गोष्ट मरते आणि गोष्ट मेली की शब्दही जातात.

बोलण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. दोन्ही गट मुलांना पुस्तकं वाचून दाखवत होते. एका गटाला मात्र मुलाला बोलतं कसं करायचं ते शिकवलं: 'हो-नाही'त उत्तर येईल असे प्रश्न टाळायचे, मुलाने एक शब्द सांगितला तर तो घेऊन पूर्ण वाक्य करून परत द्यायचं, हळूहळू गोष्ट सांगण्याचं काम मुलाकडे सोपवायचं. एका महिन्यात त्या मुलांचं बोलणं दुसऱ्या गटातल्या मुलांच्या काही महिने पुढे गेलं. आपल्या वर्गांत प्रश्न विचारले जातात ते बहुतेक तपासणीसाठी. सशाचं नाव काय होतं? तो कुठे गेला? उत्तर आधीच ठरलेलं, बरोबर आलं की पुढचा. सहवाचनातले प्रश्न वेगळ्या जातीचे असावे लागतात. 'तो खोटं का बोलला असेल?' या प्रश्नाला बाईंकडेही एक उत्तर नसतं. मुलाला हे कळतं, आणि मग ते बोलतं.

या सगळ्यावर एक थंड पाणी ओतणारा अभ्यासही आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०१९ साली क्लेअर नोबल आणि सहकाऱ्यांनी सहवाचनाच्या अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासले. मुलांच्या भाषेवरचा सरासरी परिणाम लहान निघाला. आणि ज्या प्रयोगांत तुलनेच्या गटालाही दुसरा काहीतरी उपक्रम दिला होता, तिथे तो जवळजवळ नाहीसाच झाला. याचा अर्थ सहवाचन निरुपयोगी आहे, असा मी घेत नाही. असे प्रयोग बहुतेक काही आठवड्यांचे असतात. भाषा काही आठवड्यांत वाढत नाही. ती वर्षांच्या मापाने वाढते. तरी या निष्कर्षातून एक ताकीद घ्यायला हवी: दोन महिन्यांची मोहीम काढून, फोटो काढून, अहवाल पाठवून मुलं वाचू लागणार नाहीत. जे सहवाचनाकडे झटपट उपाय म्हणून पाहतात त्यांची निराशा होणार आहे, आणि त्या निराशेपायी चांगली पद्धत बदनाम होणार आहे.

दीर्घकाळ आणि रोज केलं तर काय होतं, याचं चांगलं उदाहरण फिजीचं आहे. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी १९८०च्या सुमारास तिथल्या ग्रामीण शाळांमध्ये चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० गोष्टींची पुस्तकं दिली. मुलांची घरची भाषा वेगळी, शाळेची भाषा इंग्रजी. वर्गात एरवी वाक्यांचे साचे घोकून घेतले जात. काही वर्गांनी या पुस्तकांचं सहवाचन केलं, काहींनी रोज ठरावीक वेळ मूकवाचन केलं, काही जुन्या पद्धतीनेच शिकत राहिले. पहिल्या वर्षात पुस्तकं मिळालेल्या मुलांची वाचनातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती इतरांच्या जवळजवळ दुप्पट होती. दुसऱ्या वर्षी तर हा फायदा लेखन आणि व्याकरणापर्यंत पसरला. व्याकरण ज्यांनी घोकलं होतं त्यांच्यापेक्षा गोष्टी वाचणारी मुलं व्याकरणात पुढे, हे त्या वेळी अनेकांना पटवून घ्यावं लागलं असेल. शाळा साध्या होत्या, शिक्षक तेच होते. दोन गोष्टी नव्या होत्या: पुरेशी पुस्तकं, आणि ती वाचण्यासाठी राखून ठेवलेला रोजचा वेळ.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न शिक्षक विचारतील, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. माझं उत्तर असं: आळीपाळीने होणाऱ्या प्रकटवाचनातून. ही प्रथा इतकी रुळलेली आहे की तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. एका मुलाने उभं राहून चार ओळी वाचायच्या, मग मागच्याने, मग त्याच्या मागच्याने. जे वाचतंय ते भीतीने घाईघाईत वाचतं. ज्याची पाळी यायची आहे ते आपल्या ओळी मोजून त्यांचीच मनात उजळणी करत बसतं. ज्याची होऊन गेली त्याचं लक्ष संपलेलं असतं. अडखळणाऱ्या मुलाची सगळ्यांसमोर फजिती होते, तीही आठवड्यातून अनेकदा. पंधरा मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला वाचन येतं ते जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. त्याच पंधरा मिनिटांत सगळा वर्ग एक मजकूर सोबतीने वाचू शकतो. कच्चं मूल इतरांच्या आवाजाच्या आधाराने वाचतं, चुकलं तर कुणाला कळतही नाही, आणि पुढच्या खेपेला तेच मूल थोडं मोठ्याने वाचतं. एकेका मुलाचं वाचन शिक्षकांनी ऐकायलाच हवं, यात वाद नाही. ते जवळ बसवून, हळू आवाजात ऐकावं. त्यासाठी चाळीस साक्षीदार कशाला?

हे काम पालकांवर सोडावं का? घरी रोज मुलाबरोबर वाचा, असं सांगणं सोपं असतं आणि चांगल्या हेतूनेच सांगितलं जातं. सार्वजनिक पातळीवर त्याला बळ देण्याचे चांगले प्रयत्नही झाले आहेत. १९८९ साली बॉस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या बाळाच्या हाती पुस्तक द्यायला सुरुवात केली. १९९२ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये ३०० बाळांच्या कुटुंबांना पुस्तकं देण्यापासून सुरू झालेला उपक्रम पुढे देशभर पोचला. ज्या आईला, बाबांना, आजीला शक्य आहे त्यांनी जरूर वाचावं. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांनी चित्रं पाहत मुलाकडून गोष्ट काढून घ्यावी. त्यानेही भाषा वाढते. पण ज्या घरात कामावरून परतायला रात्र होते, ज्या घरात पुस्तक नाही, किंवा वाचू शकणारं मोठं माणूसच नाही, तिथल्या मुलाचं वाचन आपण घरावर सोपवलं, तर त्याला मागे ठेवण्याची व्यवस्थाच आपण केली. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ सालीच दाखवलं, की वाचनातलं सुरुवातीचं अंतर आपोआप मिटत नाही, रुंदावत जातं. ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, म्हणून त्याचे शब्द वाढतात, म्हणून त्याला आणखी सहज वाचता येतं. ज्याला येत नाही तो टाळतो. हे चक्र तोडण्याची सगळ्या मुलांना सारखी मिळणारी जागा एकच आहे: शाळा. म्हणून सहवाचन ही शाळेची जबाबदारी. घरचं वाचन ही त्यावरची भर.

यासाठी लागणारं साहित्य फार महाग नाही. मोठ्या आकाराची छापील पुस्तकं मिळाली तर उत्तमच. नाहीतर कागदाच्या मोठ्या तावांवर शिक्षकाने ठळक अक्षरात लिहिलेली गोष्ट, फळ्यावर लिहिलेली कविता, किंवा एकाच पुस्तकाच्या दोघांत एक अशा प्रती चालतात. मात्र पुस्तक निवडताना मेहनत घ्यावी. नुसत्या सोप्या शब्दांची, काहीच न घडणारी वाचनपाठ-छाप गोष्ट पाचदा वाचण्याची ताकद कुणातच नसते, शिक्षकातही नाही. मुलांना एकट्याने वाचायला जमेल त्यापेक्षा थोडा वरचा मजकूर घ्यावा, कारण इथे सोबत आहे. आणि कृपा करून या वेळेला गुण जोडू नयेत, स्वाध्याय जोडू नये. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मात्र त्याला भरपूर जागा हवी. मजकुरावर बोट ठेवून, ओघ न तोडता, मुलांना बोलतं करत वाचणं हे कौशल्य आहे, आणि दुसऱ्याला वाचताना पाहून, स्वतः करून, कुणाकडून तरी सुधारून घेऊनच ते येतं. परिपत्रकाने येत नाही.

शेवटचा मुद्दा वरच्या वर्गांचा. मूल वाचू लागलं की आपण त्याच्याबरोबर वाचणं थांबवतो. तिसरीतल्या मुलाला 'आता तू मोठा झालास, तुझं तू वाच' असं सांगितलं जातं. पण साधारण तेरा-चौदा वर्षांच्या वयापर्यंत मुलांना वाचून जेवढं समजतं त्यापेक्षा ऐकून जास्त समजतं, असं थॉमस स्टिख्ट यांच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. म्हणजे या सगळ्या वर्षांत मूल एकट्याने पोचू शकत नाही अशा मजकुरापर्यंत कुणाच्या तरी सोबतीने पोचू शकतं. सहावी-सातवीत खरी अडचण येते ती विज्ञान आणि इतिहासाच्या पुस्तकांत. तिथली वाक्यं लांब, संज्ञा दाट, आणि विषयाची आधीची ओळख नसेल तर चांगला वाचणाराही अडतो. लेस्ली आणि रेख्ट यांनी १९८८ साली बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन मुलांना वाचायला दिलं, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा जास्त समजून गेली होती. म्हणून विज्ञानाच्या शिक्षकानेही नवा धडा आला की पहिली दोन पानं वर्गाबरोबर वाचावीत: वाक्य कुठे तोडायचं ते दाखवत, 'म्हणून' आणि 'परंतु' यांवर थांबत, आकृती आणि तिच्याबद्दलची ओळ एकमेकींशी जुळवून घेत, संज्ञा पहिल्यांदा आली की ती तिथल्या तिथे उलगडत. उरलेला धडा मग मुलांनी स्वतः वाचावा, आणि दुसऱ्या दिवशी जिथे अडलं ती ओळ घेऊन यावं.